संघटनेचं दार आणि कामगाराची भाकरी

संघस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला संघटनेत शिरण्याचा हक्क आठवतो. पण कुणाला सोबत घ्यायचं हे संघटनेला ठरवता येत नसेल, तर त्या स्वातंत्र्यात उरतं काय?

ब्रिटनमधलं उदाहरण घेऊ. २००२ साली रेल्वेचालकांच्या 'अ‍ॅस्लेफ' या संघटनेनं एका सभासदाला काढून टाकलं. तो अतिउजव्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचा सदस्य होता. देशातल्या कायद्यामुळे संघटनेला त्याला परत घ्यावं लागलं. २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं मात्र संघटनेच्या बाजूनं निकाल दिला. का? त्याची नोकरी शाबूत होती, आणि संघटनेनं वाटाघाटींत मिळवलेले फायदे त्यालाही मिळणारच होते.

याच न्यायालयाचा १९८१ चा निकाल पाहा. संघटनेत जायला नकार दिला म्हणून ब्रिटिश रेल्वेतल्या तिघांची नोकरी गेली होती. तिथं न्यायालय कामगारांच्या बाजूनं उभं राहिलं.

तेव्हा 'संघटना मोठी की व्यक्ती?' असं विचारून आपल्या हाती फारसं लागत नाही. दाराबाहेर राहिलेल्याचं नेमकं काय जातं, ते आधी विचारावं. नुसती सोबत जात असेल, तर संघटनेला आपल्या नियमांप्रमाणे 'नाही' म्हणता यावं. भाकरीच जात असेल, तर कायद्यानं मध्ये पडलंच पाहिजे.