सोमवारचं पोटदुखणं

गेल्या डिसेंबरात ग्वाल्हेरला जाऊन आले. गोवा एक्स्प्रेस आपल्या बेळगावहून थेट तिथं जाते. माझी मावसबहीण तिकडे लष्कर भागात दिलेली आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच पुढं शहर झालं, ते हे लष्कर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर कन्नड असते, एवढाच फरक. त्यामुळं परकं काही वाटलं नाही.

काळजी वाटली ती बहिणीच्या चौथीतल्या मुलीची. सकाळी शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला की तिचं पोट दुखू लागे, कधी उलटीही होई. आई न्हाणीघरात गेली तर ही दाराशी बसून हाका मारणार. रात्री आईचा पदर मुठीत घट्ट. जुलैत तिचे आजोबा गेले. ते दवाखान्यात गेले आणि आले नाहीत, एवढंच तिला ठाऊक. एकदा भाजीला निघालेल्या आईला ती म्हणाली, "तू पण नाही आलीस तर?" आजीचा जीव तुटायचा. "लेकरू रडतंय तर राहू दे की घरी!" असं राहू दे, राहू दे करता दोन महिन्यांत निम्मी शाळा बुडाली होती.

आठ-नऊ महिन्यांचं मूल आई दिसेनाशी झाली की रडतं, ते वाढीचंच लक्षण. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ते ओसरतं. बालवाडीचे पहिले दिवस, वसतिगृहाचे पहिले आठवडे, इथंही रडू येणारच. बहिणीच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला दिसतो. त्यावर सिंदिया स्कूल आहे. १८९७ साली माधवराव शिंद्यांनी सरदारांच्या मुलांसाठी ती काढली. आजही सहावीपासूनची मुलं घर सोडून तिथं राहतात. निवासी शाळेत गेलेल्या मुलाला घराची आठवण येते, डोळे भरतात, पण ते जेवतं, खेळतं, हळूहळू रमतं. ही आठवण म्हणजे आजार नव्हे.

आजार ओळखायचा तो रोजचं जगणं किती आखडलं यावरून. डॉक्टर याला 'सेपरेशन अँग्झायटी' म्हणतात. आपण ताटातुटीची भीती म्हणू. ही भीती चार आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली, आणि तिच्यापायी शाळा, झोप, खेळ, नातेवाइकांकडे जाणं बंद पडत चाललं, तर दाखवायला हवं. शंभरात चारेक मुलांना हा त्रास होतो, तेव्हा आपलंच मूल जगावेगळं असं मानू नये.

मात्र शाळा नको म्हणणारं प्रत्येक मूल आईसाठी रडत नसतं. रविवारी बघावं. मावशीकडे, लग्नाला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला ते आईवाचून मजेत जात असेल, तर दुखणं शाळेतच शोधायला हवं. कुणी चिडवतं का, मारतं का? आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारावी : वर्गातली भाषा कळते ना? मराठी घरातलं मूल कन्नड वर्गात गप्प बसलं, किंवा उलट झालं, तर त्याला भित्रं ठरवण्याची घाई नको. माझी भाची रविवारीही आईला सोडत नव्हती.

मी डॉक्टरांचं नाव काढताच बहीण म्हणाली, "ताई, तिला काय वेड लागलंय?" ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा तिकडे सर्वतोमुखी आहे, आपल्याकडे 'धारवाडला न्या' म्हणतात तसंच. शेवटी ती एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाईंनी गोळी दिली नाही. आजोबांचं काय झालं ते मुलीला साध्या शब्दांत खरं सांगायला लावलं. मग पायऱ्या ठरल्या : पहिला आठवडा आईनं वर्गाच्या दारापर्यंत जायचं, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. निरोप छोटा, पण सांगून. डोळा चुकवून पळायचं नाही. आणि पोट दुखलं तरी शाळा चुकवायची नाही. हे आजीला पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

या पद्धतीला आधार आहे. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या, अशा चिंतांनी त्रस्त ४८८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायला शिकवणाऱ्या उपचारानं सुमारे ६० टक्के मुलं सुधारली, सोबत औषध दिल्यावर ८१ टक्के. म्हणजे औषध वाईट नाही. ते केव्हा द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवावं.

मोठ्या मुलांत हे लपून राहतं. कॉलेजच्या वर्गात मी पाहते, एखादी मुलगी तासाला दोनदा घरी फोन लावते, सहलीच्या आदल्या दिवशी नेमकं डोकं दुखतं, परगावी प्रवेश मिळूनही नाकारते. घरचे कौतुकानं म्हणतात, "फार माया आहे तिला." असेलही. पण तिला जावंसं वाटूनही जाता येत नसेल, तर तिच्याशी बोलायला हवं. जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, धारवाडला 'डिमहान्स' आहे. २०२२ साली केंद्र सरकारनं सुरू केलेल्या टेलिमानसचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

परवा बहिणीचा फोन आला. मुलगी रिक्षानं जाते. सोमवारी अजून पोट दुखतं. रिक्षा वळणावर गेली की थांबतं, असं ती स्वतःच सांगते. आजी मात्र तोवर दारातच उभ्या असतात.