बासुंदी की बटाटेवडा?

‘दूध चांगले खळखळून उकळले होते, मग ते बाधलेच कसे?’ दुधाच्या पदार्थांतून झालेल्या विषबाधेची चौकशी सुरू झाली, की हा प्रश्न हटकून पुढे येतो. उत्तर सापडले नाही, तर कोणीतरी पातेल्यात पाल पडल्याचे सांगते आणि चौकशी तिथेच संपते. आपल्याकडच्या घरपालीला विष नसते. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जातीचे जीवाणू पसरू शकतात हे खरे, पण उकळत्या दुधात तेही जगत नाहीत. मग खरा अपराधी शोधायचा कसा?

समजा, वैतरणा स्थानकाच्या आसपास एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे. (प्रसंग आणि आकडे काल्पनिक आहेत, आम्ही ते केवळ गणितासाठी घेतले आहेत.) दुपारी १ वाजता १२० जण जेवले. पानात पुरी, बटाटेवडा आणि बासुंदी होती. साडेतीनपासून उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत ५० जण आजारी पडले. आजाऱ्यांना विचारले, तर ५० पैकी ४२ जणांनी बटाटेवडा खाल्लेला! तेल खराब होते, असा निकाल गाव देऊन मोकळे होते.

जे आजारी पडले नाहीत, त्यांना मात्र कोणी काही विचारतच नाही. तपासातली निम्मी माहिती त्यांच्याकडे असते. वडा खाणारे एकूण १०० होते, त्यांपैकी ४२ आजारी पडले. म्हणजे शेकडा ४२. वडा न खाणारे २० होते, त्यांपैकी ८ आजारी पडले. म्हणजे शेकडा ४०. वडा खाल्ला काय आणि न खाल्ला काय, फरक जवळजवळ नाहीच. आता बासुंदीकडे पाहू. ती खाणाऱ्या ८० जणांपैकी ४८ आजारी, म्हणजे शेकडा ६०. न खाणाऱ्या ४० जणांपैकी फक्त २, म्हणजे शेकडा ५. हे प्रमाण बारापट आहे. संशयाची सुई बासुंदीकडे वळते ती अशी. उरलेल्या त्या दोघांचे काय? एखाद्याने मित्राच्या वाटीत बोट बुडवले असेल, दुसऱ्याचे पोट वेगळ्याच कारणाने बिघडले असेल. माणसांच्या आठवणींवर चालणाऱ्या तपासात सगळे तंतोतंत जुळले, तर आम्हाला उलट शंकाच येते. नववीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

पालघर जिल्ह्याने अशा तपासाची निकड अलीकडेच अनुभवली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू प्रकल्पाच्या अनेक आश्रमशाळांतील दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना एकाच वेळी मळमळ आणि उलट्यांचा त्रास झाला. शाळा एकमेकींपासून दूर, पण जेवण बोईसरजवळच्या कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आलेले. प्रसंग दुधाचा नव्हता, परंतु ‘या सगळ्यांमध्ये समान काय?’ हा पहिला प्रश्न तिथेही तोच राहतो.

दुसरा धागा वेळेचा. जेवण आणि पहिली उलटी यांत किती तास गेले? साल्मोनेला आतड्यात शिरून वाढतो, तेव्हा त्रास होतो. त्याला सहसा १२ ते ३६ तास लागतात. ताप येतो, जुलाब होतात. आपल्या उदाहरणात अडीच तासांतच उलट्या सुरू झाल्या. इतक्या थोड्या वेळात पोटात जीवाणूंची फौज तयार होत नाही. याचा अर्थ विष अन्नातच तयार होऊन आले होते. दुधाच्या बाबतीत अशा वेळी पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूवर जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात तो सुखाने राहत असतो. पिकलेल्या फोडात आणि चिघळलेल्या जखमेत तर तो विपुल असतो. गाईम्हशींच्या कासदाहात, म्हणजे शेतकरी ज्याला दगडी म्हणतात त्या रोगात, तो थेट दुधात उतरतो.

एम. ए. बार्बर या शास्त्रज्ञाने १९१४ साली फिलिपिन्समध्ये हे ओळखले. एका गोठ्यातले ताजे दूध बाधत नसे, पण तेच दूध काही तास उष्ण हवेत राहिले की बाधे. त्याने ते स्वतः पिऊन पाहिले आणि आजारीही पडला. (हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करायचा नाही, हे सांगायला नकोच.)

आता आपल्या बासुंदीचा आदल्या रात्रीचा प्रवास पाहू. दूध आटवले, साखर घातली, वेलची कुटून टाकली. ढवळणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम होती. मोठे पातेले झाकून ओट्यावर ठेवले. वाटीभर दूध लवकर निवते, पण वीस लिटरचे पातेले तासन् तास कोमट राहते, आणि ही ऊब जीवाणूला मानवते. साखरेमुळे इतर अनेक जीवाणू मागे पडतात, याला तिचे फारसे काही वाटत नाही. मिलिलिटरमध्ये १,००० जीवाणू असतील आणि दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होत असतील, तर सहा तासांत बारा वेळा दुप्पट होऊन त्यांची संख्या ४० लाखांवर जाते. (दह्याची गोष्ट वेगळी. विरजण चांगले लागले, तर त्यातले आम्ल या जीवाणूला डोके वर काढू देत नाही.) सकाळी बासुंदीला पुन्हा उकळी आणली. जीवाणू मेले, पण त्यांनी तयार केलेले विष मेले नाही. ते प्रथिन आहे, तरीही १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास उकळले तरी टिकून राहते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. दूध उकळले होते, पण उशिरा.

अशी गल्लत केवळ घरगुती चुलीवर होते असे नाही. जून २००० च्या अखेरीस जपानमध्ये ओसाका परिसरात ‘स्नो ब्रँड’ कंपनीचे कमी स्निग्धांशाचे दूध पिऊन १३,४२० लोक आजारी पडले. सुरुवातीला संशय ओसाकाच्या कारखान्यातल्या एका झडपेवर गेला, कारण तिथे जीवाणू सापडले होते. पण माग काढत गेल्यावर वाट संपली ती दूर होक्काइडो बेटावरच्या ताइकी गावात. तिथल्या कारखान्यात दुधाची भुकटी तयार होत असे. ३१ मार्च २००० रोजी छपरावरचा बर्फाचा सुळका कोसळून विद्युतयंत्रणा बंद पडली. सुमारे तीन तास वीज नव्हती आणि यंत्रातले दूध कोमट राहिले. त्या दुधाच्या भुकटीत जीवाणूंची संख्या मर्यादेबाहेर गेल्याचे लक्षातही आले होते. तरी ती पाण्यात विरघळवून एप्रिलच्या नव्या भुकटीत वापरली गेली. पुन्हा तापवल्यामुळे जीवाणू मेले आणि नवी भुकटी जीवाणूंच्या तपासणीत उत्तीर्ण झाली! ओसाकाच्या दुधात ते विष मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी होते; एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढे विष चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, दूध नासतही नाही.

शालेय पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावा, असा नियम आहे. खारट, करपलेले, आंबलेले अन्न त्यामुळे नक्की अडते. पण हे विष बेचव असते आणि त्रास व्हायला एक ते सहा तास लागतात. अर्ध्या तासापूर्वी चाखणाऱ्या शिक्षकाला ते कसे कळावे? म्हणून चव घेतानाच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हाला वाटते: पदार्थ चुलीवरून किती वाजता उतरवला, आणि तेव्हापासून तो कुठे होता?

तरीही बाधा झालीच, तर आजाऱ्यांना दवाखान्यात पोहोचवल्यावर सगळ्यांचा हात आधी भांडी घासण्याकडे जातो. तो थांबवावा. उरलेला पदार्थ उकळत्या पाण्यातून काढून निववलेल्या डब्यात, स्वच्छ चमच्याने भरावा, झाकण घट्ट लावून त्यावर पदार्थाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी आणि डबा बर्फात ठेवावा. आरोग्य खात्याच्या किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या माणसांना जीवाणू आणि विष या दोन्हींची तपासणी करायला सांगावे. बर्फाचा कंटाळा करू नये. वैतरणा खाडीतल्या वाढीवसारख्या बेटावरचे गावकरी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून चालत स्थानक गाठत आले आहेत. तिथून प्रयोगशाळेपर्यंत डबा पोहोचायला अर्धा दिवस सहज जातो. तेवढ्या वेळात कोमट डब्यात शिल्लक जीवाणू वाढत राहतात. मग डब्यात मोजलेली संख्या पानात वाढलेल्या बासुंदीची होती की प्रवासात वाढलेली, हे कोणालाच सांगता येत नाही.