हे 199 रुपये गेले कुठे?

पासबुकात नोंद करून आणणे हे एके काळी घरातल्या एकाच माणसाचे काम असे. महिन्यातून एकदा बँकेत जायचे, रांगेत उभे राहायचे आणि घरी येऊन चष्मा लावून पाचसात ओळी वाचायच्या. पगार जमा, विजेचे बिल, एखादा धनादेश, सहामाहीचे व्याज. आता त्याच खात्यात महिन्याला शे-दीडशे ओळी उमटतात. दूध, भाजी, रिक्षा, औषधे, मुलांच्या वह्या, सगळ्यांचे पैसे फोनवरूनच चुकते होतात. या गर्दीत मधेच 199 रुपयांची एक ओळ अशी निघते, की तिचा अर्थ घरात कुणालाच लागत नाही.

मग शंकाकुशंका सुरू होतात. “अहो, तुम्ही काही मागवलंत का?” या साध्या प्रश्नाचा सूर जरा चुकला, तरी उत्तरही तिरकसच येते. मुलाकडे संशयाने पाहिले जाते, आजोबांना फोन कमी वापरण्याचा सल्ला मिळतो आणि संध्याकाळ वाया जाते. काही घरांत याच्या अगदी उलट घडते. “असेल काहीतरी” म्हणून ती ओळ सोडून दिली जाते, पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते आणि वर्षअखेरीस दोन-अडीच हजार रुपये गुपचूप निघून गेलेले असतात. ही दोन्ही टोके महागात पडतात. न ओळखता येणारी प्रत्येक ओळ म्हणजे चोरी नव्हे. पण जी खरोखर चोरी असते, तिच्यासाठी हातात मोजकेच दिवस असतात. म्हणून आधी ती ओळ नीट वाचता आली पाहिजे.

पाटीवर एक नाव, कागदावर दुसरे

सर्वात जास्त घोळ होतो तो नावांचा. आपण ज्या नावाने दुकान ओळखतो, त्या नावाने त्याची कंपनी नोंदलेली असेलच असे नाही आणि बँकेच्या उताऱ्यात पुष्कळदा कंपनीचे नाव येते. ओलाची गाडी बोलावणाऱ्याच्या उताऱ्यात ‘एएनआय टेक्नॉलॉजीज’ असे दिसू शकते, कारण ओला चालवणारी कंपनी त्या नावाने नोंदलेली आहे. पेटीएमच्या मागे ‘वन नाइंटी सेव्हन कम्युनिकेशन्स’ आहे. स्विगीची कंपनीही 2024 पर्यंत ‘बंडल टेक्नॉलॉजीज’ या नावाची होती. जेवण स्विगीवरून मागवले आणि उताऱ्यात ‘बंडल’ दिसले, तर गोंधळ उडणारच! कधी विकणाऱ्याचे नाव मुळीच नसते. पैसे गोळा करून देणाऱ्या मधल्या संस्थेचे, म्हणजे रेझरपे, पेयू किंवा बिलडेस्कचे असते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची तर वेगळीच तऱ्हा. तिथल्या क्यूआर कोडचे खाते दुकानदाराच्या बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावावर असते आणि साखर-पोह्यांचे पैसे कुणा अनोळखी बाईंना दिल्यासारखे दिसतात.

नावाआधीची अक्षरेही बरेच सांगून जातात. ‘पीओएस’ असेल तर कार्ड दुकानातल्या यंत्रावर वापरले गेले आहे. ‘ईकॉम’ म्हणजे कार्डाने केलेली ऑनलाइन खरेदी. ‘एसीएच’ किंवा ‘एनएसीएच’ असेल तर आधी कधीतरी दिलेल्या परवानगीवरून पैसे वळते झाले आहेत; कर्जाचे हप्ते आणि विम्याचे हप्ते बहुधा असेच जातात. ‘एसआय’ म्हणजे बँकेला देऊन ठेवलेली स्थायी सूचना. यूपीआयच्या ओळीत 12 अंकी क्रमांक असतो. फोनवरच्या ज्या ॲपमधून पैसे दिले, त्यातल्या व्यवहारांच्या यादीत तोच क्रमांक सापडतो आणि तिथे वेळही मिळते. वेळ कळली की निम्मे कोडे सुटते. रविवारी रात्री साडेनऊला आपण कुठे होतो, हे आठवायला फारसे कठीण नसते. कार्डाच्या बाबतीत मात्र तारखेने फसू नये. खरेदी शनिवारी केलेली असते आणि उताऱ्यात ती दोन दिवसांनी चढते. परदेशी कंपनीकडून घेतलेल्या वस्तूची रक्कमही ठरल्यापेक्षा थोडी जास्त दिसते, कारण चलन बदलून देण्याचा आकार आणि त्यावरचा कर बँक त्यात धरते.

खरेदीशी काहीच संबंध नसलेल्या काही वजावटीही याच शंकेत सापडतात. मे महिन्याच्या अखेरीस 436 किंवा 20 रुपये गेलेले दिसले, तर ते बहुतेक पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते असतात. खाते उघडताना कुठल्याशा अर्जावर सही केलेली असते, ती आठवत नाही इतकेच.

‘फुकट’ महिन्याचे बिल

नावाचा उलगडा झाला, तरी “हे आपण घेतलंच कधी?” हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या ‘पहिला महिना मोफत’ या जाहिरातीत मिळते. क्रिकेटचा सामना पाहायला, फोटो सुंदर करायला, इंग्रजी बोलायला शिकायला, कुंडली पाहायला एखादे ॲप घेतले जाते. फुकट असूनही ते कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआयचा पिन मागते, खात्री म्हणून एखादा रुपया घेते आणि बहुधा परतही करते. त्या एका रुपयाबरोबर आपण पुढच्या सगळ्या महिन्यांची संमती देऊन बसतो. याला ऑटोपे किंवा ई-मँडेट म्हणतात. यूपीआयवर ही सोय 2020 पासून आहे.

ग्राहकाला यात अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून अमलात आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी परवानगी नोंदवताना ओटीपी किंवा पिनसारखी दुहेरी खातरजमा लागते आणि पुढे प्रत्येक वजावटीच्या किमान 24 तास आधी कुणाला, किती आणि केव्हा पैसे जाणार हे कळवावे लागते. ते थांबवण्याची सोयही ग्राहकाला द्यावी लागते. नंतरच्या वजावटीला मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी 5,000 रुपयांची होती, जून 2022 मध्ये ती 15,000 करण्यात आली. ओटीपी आलाच नाही तरी पैसे कसे गेले, या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथेच असते. 24 तास आधीचा संदेश आलेला असतो. पण कर्जाच्या, सेलच्या आणि लॉटरीच्या पन्नास संदेशांत तो कुणी उघडलेला नसतो.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. फोनवरून ॲप काढून टाकले की वर्गणी बंद होते, असे अनेकांना वाटते. ती बंद होत नाही. ॲप गेले तरी परवानगी कायम राहते आणि पैसे जातच राहतात. ती रद्द करायची तर यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा विभाग उघडावा लागतो. घरात दोन-तीन यूपीआय ॲप्स असतील, तर प्रत्येकात पाहावे. कार्डावरची परवानगी बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर सापडते. गूगल प्ले आणि ॲपल यांच्या खात्यात ‘सबस्क्रिप्शन्स’ची वेगळी यादी असते. ही यादी पहिल्यांदा उघडणाऱ्याला एखादा तरी जुना, विसरलेला पाहुणा त्यात भेटण्याची शक्यता बरीच आहे. रद्द करण्याचे बटण काही कंपन्या मुद्दाम अवघड जागी लपवून ठेवतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा 13 फसव्या युक्त्या नमूद आहेत आणि वर्गणीचा सापळा ही त्यातलीच एक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर त्याबद्दल तक्रार करता येते.

खेळातली नाणी, खात्यातले पैसे

आईच्या फोनवर खेळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला खेळातली नाणी आणि घरातले पैसे यांतला फरक कळत नाही. एक बटण दाबले की नवी तलवार मिळते, एवढेच त्याला माहीत असते. अशा ओळी गूगल प्ले किंवा ॲपलच्या नावाने येतात, खेळाच्या नावाने नव्हे. म्हणून आधी त्या खात्याचा खरेदीचा इतिहास पाहावा. चुकून झालेली खरेदी 48 तासांच्या आत गूगल प्लेला कळवली, तर परतावा मिळण्याची शक्यता अधिक असते. ॲपलकडेही अडचण नोंदवण्याची स्वतंत्र सोय आहे. अशा वेळी बँकेला “चोरी झाली” असे सांगणे मात्र चूक ठरेल. खरेदी घरातूनच झाल्याचे उघड होते आणि प्रकरण उलटते. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची व्यवस्था फोनमध्ये असते, ती सुरू करायला दोन मिनिटे पुरतात. मुलाला रागे भरण्याआधी ती दोन मिनिटे काढलेली बरी.

खरोखर चोरी असेल तर

नावे पडताळली, परवानग्या पाहिल्या, घरच्यांना विचारले आणि तरीही ओळ अनोळखीच राहिली, तर थांबू नये. रक्कम लहान आहे म्हणून तर मुळीच नाही. चोरलेले कार्ड चालते का, हे पाहण्यासाठी आधी पाच-दहा रुपये काढून पाहिले जातात. काही परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही कार्ड चालते. बँकेच्या ॲपमधून कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर लगेच बंद करता येतो. ही सोय देणे रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये बंधनकारक केले.

त्यानंतर बँकेला कळवायचे; पण क्रमांक कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्यायचा. घाबरलेला माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि तिथे ठगांनी पेरून ठेवलेल्या खोट्या क्रमांकावर नेमका सापडतो. 199 रुपये परत मिळवायला गेलेल्याचे सगळे खाते रिकामे होते ते इथेच. परताव्यासाठी ओटीपी, पिन किंवा फोनचा पडदा दाखवणारे ॲप कुणी मागितले, की फोन ठेवून द्यावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

दिवसांचा हिशेब रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिला. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, कुणा तिसऱ्यानेच डल्ला मारला, असे असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाला काहीच झळ बसू नये. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत भार सोसावा लागतो. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले; कळवल्यानंतरचे बँकेचे. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, 90 दिवसांत निकाल लावायचा आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, असेही त्यात म्हटले आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. आपल्या बँकेचे आजचे धोरण तिच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत पाहायला मिळते.

इथे सर्वात अडचणीत येतात ते घरातले वडीलधारे. निवृत्तिवेतनाच्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो किंवा परगावी राहणाऱ्या मुलाचा असतो. संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि पासबुक भरले जाते तीन महिन्यांनी. आईवडिलांच्या खात्याला कोणता क्रमांक जोडलेला आहे, हे एकदा शाखेत जाऊन पाहून घ्यावे.

फसवणुकीची खात्री पटली, तर बँकेबरोबरच 1930 या क्रमांकावर फोन करावा. ही सायबर गुन्ह्यांसाठीची देशभरची सेवा आहे. खबर लवकर मिळाली, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. पहिल्या दिवशी बँकेकडून मिळालेला तक्रार क्रमांक आणि त्याची तारीख मात्र लागते.