वेळासच्या वाळूचा जमाखर्च

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या दक्षिणेस वेळासची पुळण आहे. पुळण म्हणजे केवळ भरती-ओहोटीमधला वाळूचा पट्टा नव्हे. पाण्याखालचा वाळूचा बांध, उतरता किनारा आणि मागच्या वाळूच्या टेकड्या मिळून ती पूर्ण होते. या तिघांत वाळूची देवघेव वर्षभर चालते.

पावसाळ्यात उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात. ती पाण्याखाली साठून बांध तयार होतो. मोठ्या लाटा त्यावरच फुटतात आणि किनाऱ्याला बसणारा मार कमी होतो. पावसाळा सरला की मंद लाटा ही वाळू परत आणून टाकतात. ती वाळली की वाऱ्याबरोबर मागे सरकते आणि मर्यादवेलीत अडकते. आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांच्या या वेलीला पेरापेरातून मुळे फुटतात, त्यामुळे टेकडी जागेवर टिकते. हा पुळणीचा राखीव साठा. उधाणात तोच कामी येतो.

कोकणातल्या पुळणींवर ओहोटीच्या वेळी वाकून पाहिले, की ओल्या वाळूत बारीक बिळे दिसतात. वाटाण्याएवढा खेकडा बिळाबाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन कणांना चिकटलेले सूक्ष्म अन्न खरवडतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. काही वेळात बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी रांगोळीसारख्या पसरतात. पुढची भरती त्या पुसून टाकते.

हिवाळ्याच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते. भरतीरेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल खड्डा करून ती शंभरच्या आसपास अंडी घालते व समुद्रात परतते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त निपजतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साथीने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणात हलवून जपली जातात आणि पिल्ले समुद्रात सोडली जातात.

वाळूउपसा झाला किंवा टेकडी सपाट केली, की हा जमाखर्च बिघडतो. संरक्षक भिंतीवर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू खणून नेते. दिव्यांच्या उजेडाने पिल्ले उलट दिशेला भरकटतात. म्हणून पुळण राखायची, तर मर्यादवेलीमागची टेकडी आणि किनाऱ्यावरचा काळोख, दोन्ही राखले पाहिजेत.