गाडीसाठी जीपीएस घेताय? आधी एवढं बघा

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचं तर वेगळं यंत्र कशाला? मोबाइल पुरतो. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपली जागा कळते. नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून किनवट-माहूरच्या जंगलाकडे निघताना नकाशा घरीच डाउनलोड करून घ्यावा.

डोंगरात पायी फिरणाऱ्यांनी मात्र हातात धरायचं यंत्र बघावं. बटणांचं, पावसात न बिघडणारं, सेल बदलता येणारं. मे महिन्याच्या उन्हात मोबाइल कसा तापतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

खरा घोळ दुकानात होतो. 'जीपीएस' म्हणून ट्रॅकर गळ्यात मारतात. ट्रॅकर गाडी कुठे आहे ते मालकाला कळवतो, ड्रायव्हरला रस्ता दाखवत नाही. शिवाय त्याला सिम लागतं. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या प्रवासी वाहनांना (रिक्षा वगळून) सक्ती आहे ती याच ट्रॅकरची, सोबत संकटकाळच्या बटणाची. आपली मुलं ज्या गाडीतून शाळेत जातात, तिच्यात तो बसवलाय का आणि चालू आहे का, हे आपण ड्रायव्हरभाईंना विचारायलाच हवं.