बोट स्वतःभोवती चकरा का मारते?

मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला. तिथे 1841पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या आणि ट्रामची वीज त्यांची वाट लावणार होती. मग चुंबकीय नोंदींचं बिऱ्हाड अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत हलवलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे नोंदी घेऊन मेळ घातला. विजेची ट्राम धावली 1907 साली.

शिडाच्या बोटीवरच्या होकायंत्राला असं अलिबाग कुठलं? इंजिन, नांगराची साखळी, स्पीकरमधलं चुंबक, सगळं दहा-बारा मीटरांत त्याच्याबरोबर नांदतं. मुंबईजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्लाच्या घरात. फ्रिजवरचं शोभेचं चुंबकसुद्धा अगदी जवळून त्याच्या शंभरपट भरतं. सुकाण्यावर माणूस असला तर तो किनाऱ्यावरची खूण बघून चूक सावरतो. ऑटोपायलटला डोळे नाहीत. पाच अंशांची चूक घेऊन तो दहा सागरी मैल इमानेइतबारे गेला, तर मुक्कामापासून दीड किलोमीटरहून जास्त लांब पोचतो. जीपीएस आहे की, असं कुणी म्हणेल. पण साधा जीपीएस बोट कुठे सरकतेय ते सांगतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, कुठे रोखलीय ते नाही. भरतीचा ओढा आडवा असला की या दोन गोष्टी वेगळ्या होतात.

होकायंत्राच्या जोडणीचं काम त्या मानाने सोपं. हल्ली बहुतेक ठिकाणी एनएमईए 2000 नावाची एकच मुख्य केबल बोटभर फिरते आणि होकायंत्र तिलाच लागतं. केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक हवा. वीज बंद करून दोन डेटा-तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण 60 दिसायला हवेत. 120 दिसले तर एक टोक उघडं राहिलंय. जागा निवडायची ती बोटीच्या मध्याजवळ आणि खालच्या बाजूला, म्हणजे हेलकावे कमी बसतात. जवळून बॅटरीच्या तारा जात असतील तर जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यावी, दोघींची क्षेत्रं परस्पर मिटतात.

खरी गंमत पुढे आहे. होकायंत्र दोन-तीन अंश तिरकं बसलं असेल तर तेवढे वजा केले की भागतं. इंजिनच्या लोखंडाची चूक तशी वजा होत नाही, कारण ती दिशेगणिक बदलते: उत्तरेला नाळ असताना काही नाही, पूर्वेला वळवली की सहा अंश. ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सने 1801 ते 1803च्या सफरीत हेच टिपलं होतं. आज उपाय म्हणून शांत पाण्यात बोट सावकाश गोल फिरवतात, एका चकरेला दोनेक मिनिटं देऊन. बोट फिरते तेव्हा इंजिनचं चुंबकत्व तिच्याबरोबर फिरतं. पृथ्वीचं जागच्या जागी राहतं. एवढ्या फरकावर दोन्ही वेगळी काढता येतात. बोटीवर काहीच लोखंड नसतं तर होकायंत्राची मापं कागदावर मांडून शून्याभोवती नेटकं वर्तुळ आलं असतं. कायमच्या चुंबकामुळे त्याचा मध्य सरकतो, साध्या लोखंडामुळे ते अंड्यासारखं चेपतं. यंत्र मध्य परत जागेवर आणतं, चेपलेलं सरळ करतं.

मग एका रेषेत येणाऱ्या, नकाशावर असलेल्या दोन खुणा धरून शेवटचा फरक काढायचा. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत मुंबईपाशी एक अंशाचंही अंतर नाही, ही आपली चैन. सिएटलच्या खलाशाला पंधराच्या आसपास अंशांचा हिशेब ठेवावा लागतो.

हे सगळं करूनही आठवड्याभरात बोट पुन्हा तिरकी चालायला लागली, तर सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी होकायंत्राशेजारचा कप्पा उघडून बघावा. बहुतेकदा तिथे कुणीतरी पान्यांची पेटी ठेवलेली असते.