वार एक की दोन?

जुळे होणार असे कळले की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. घराण्यात पूर्वी कोणाला जुळी झाली होती, हा एक. आणि जुळे केळे कोणी खाल्ले, हा दुसरा. केळ्याचा जुळ्यांशी काही संबंध नाही. आमच्या मते सर्वांआधी तिसराच प्रश्न, आणि तोही डॉक्टरांना, विचारावयास हवा: दोन्ही गर्भांची वार एक आहे की दोन? ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत त्याचे उत्तर स्पष्ट मिळते. पुढे ते सांगणे कठीण होत जाते.

दोन निरनिराळी स्त्रीबीजे एकाच वेळी फळली म्हणजे होणारी जुळी ही एरवीच्या भावंडांसारखीच भावंडे असतात, आणि त्यांच्या वारा दोन असतात. एकच फळलेले बीज दुभंगले तर अगदी सारखी जुळी होतात. अशा जोड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश एकाच वारेवर वाढतात. वारेतूनच गर्भाला अन्न मिळते, प्राणवायूही मिळतो. आपल्याकडे एका विहिरीवर दोन आगरे शिंपतात, तसा हा प्रकार आहे. पाट सारखे वाहिले तर दोन्ही आगरे हिरवी; एका पाटाला पाणी कमी गेले की ते आगर सुकते. शिवाय एका वारेवरच्या दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा जुळ्यांत शंभरापैकी १० ते १५ ठिकाणी एकाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाऊ लागते. मग एकाभोवतीचे पाणी आटते, दुसऱ्याभोवतीचे फुगते. यावर गर्भाशयात दुर्बीण घालून लेझरने त्या वाहिन्या बंद करण्याचा उपाय आहे. पण तो मोठ्या शहरांतील मोजक्याच ठिकाणी होतो आणि वेळेवर व्हावा लागतो.

आता वाढीतील फरक कसा मोजतात ते पाहू. समजा, मोठ्या गर्भाचे अंदाजे वजन २००० ग्रॅम आणि लहानाचे १५०० ग्रॅम आहे. फरक ५०० ग्रॅमचा, म्हणजे मोठ्याच्या वजनाच्या २५ टक्के. फरक २० टक्क्यांवर गेला की डॉक्टर सावध होतात. सोनोग्राफीतले वजन हा अंदाजच असतो. म्हणून एका आकड्याने घाबरून जाऊ नये. फरक वाढत चालला आहे काय आणि लहानाच्या नाळेतील रक्तप्रवाह कसा आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

अशा वेळी घरात पहिला ठपका आईच्या खाण्यावर येतो. आईच्या आहाराचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली आढळली. परंतु जुळ्यांत आई एकच, तिचे जेवणही एकच. मग एक वाढते आणि दुसरे का खुरटते? त्याचे कारण बहुधा वारेत किंवा नाळेत असते. आईला दुप्पट जेवावयास लावून ते दूर होत नाही. तिला दोष देऊन तर नाहीच नाही.

खरा पेच सातव्या-आठव्या महिन्यात पडतो. लहानाचा रक्तप्रवाह खालावला म्हणून लवकर बाळंतपण करावे, तर धडधाकट वाढणाऱ्या मोठ्यालाही अपुऱ्या दिवसांचे जन्मणे भोगावे लागते. थांबावे, तर लहान हातचे जाण्याची भीती. वारा दोन असतील तर मोठ्याच्या हितासाठी काही काळ थांबता येते. वार एक असेल आणि लहान पोटातच दगावले, तर जोडलेल्या वाहिन्यांतून मोठ्याचे रक्त एकाएकी तिकडे ओसरून त्याच्या मेंदूला किंवा जिवालाच धोका पोहोचतो. म्हणून तिथे थांबण्याचा हिशेब निराळा.

लवकर जन्मणाऱ्यांसाठी आज दोन मोठे आधार आहेत. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखविले की, आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुफ्फुसे लवकर तयार होतात. दुसरा आधार कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास पुढे आला. उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवावयास सांगितली. ही कांगारू पद्धत आता सर्वत्र मानली जाते. त्यात बाप आणि आजीही हातभार लावू शकतात. जुळ्यांना तर दोन छात्या लागतातच.

रत्नागिरीकरांपुढे अंतराचा प्रश्न आहे. येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. तरी कोल्हापूरला जावयाचे म्हटले की आंबा घाट उतरत नाही, चढावा लागतो, आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नसतो. बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत चांगली आहे. पण माहेर आडगावी असेल तर जुळ्यांसाठी ती बाजूस ठेवावी. नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग कोठे आहे याची चौकशी सहाव्या महिन्यापूर्वीच करावी. वार एक असेल तर चौथ्या महिन्यापासून दर पंधरवड्यास सोनोग्राफी, दोन असतील तर साधारण चार आठवड्यांनी. सारे सुरळीत असले तरी एका वारेच्या जुळ्यांचे बाळंतपण ३६ आणि दोन वारांचे ३७ आठवड्यांच्या सुमारास करवून घेतात. मध्यंतरी पोट एकाएकी फुगले, डोके दुखून अंधारी आली, अंगावरून रक्त वा पाणी गेले किंवा हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री निघावे.